जाहिराती वगळून

या सगळ्या खटाटोपातून त्याला मिळणार होतं ते नेमकं एवढं : रोज संध्याकाळी साडेसात ते नऊ असा दीड तास, आणि त्या दीड तासात चपला घालून त्याच्याबरोबर फिरायला बाहेर पडणारी बायको. वरकड म्हणून आणखी चोवीस मिनिटं. अर्ध्या तासाच्या मालिकेत आठ मिनिटं जाहिराती असतात हे त्यानं तीन संध्याकाळ घड्याळ लावून मोजलं होतं, आणि मालिका तीन होत्या. जाणार होतं ते काहीच नाही. मालिका कुठे पळून जात नव्हत्या. कॉम्प्युटर त्या टिपून ठेवणार, फिरून आल्यावर त्या निवांत बघता येणार, बायकोलाही आणि सासऱ्यांनाही. ज्यात कुणाचं काहीच जात नाही असा सौदा त्याला आयुष्यात पूर्वी कधी भेटला नव्हता, आणि खरं तर तिथेच त्यानं सावध व्हायला हवं होतं.

मालिका टिपणारं टीव्ही ट्यूनरचं कार्ड कॉम्प्युटरात बसवून नऊ दिवस झाले होते. फिरणं झालं होतं, जेवणं झाली होती, आणि तिघं बाहेरच्या खोलीत बसून साडेसातची मालिका पावणेदहाला बघत होते. पडद्यावर थोरल्या सुनेनं दार उघडलं. दारात कोण आहे ते दिसण्याआधी चित्र क्षणभर काळं झालं, पापणी मिटावी इतकंच, आणि त्या क्षणात सासरे खुर्चीतल्या खुर्चीत पुढे सरकले, घसा खाकरला, मुलीकडे न बघता तोंड उघडलं. तेवढ्यात दारातला माणूस दिसला. मालिका पुढे चालू झाली होती. मध्ये साबण नाही, गादी नाही, पंखा नाही. सासऱ्यांचं तोंड तसंच उघडं राहिलं, मग हळूच मिटलं, आणि ते पुन्हा पाठीला टेकले. बायकोची नजर पडद्यावरच होती. फक्त पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळलं जात होतं ते थांबलं. एवढंच झालं. पण त्याला काहीतरी खटकलं, जिना संपला असं समजून पाय टाकावा आणि अजून एक पायरी निघावी तसं.

उघडी तोंडं हा त्याचा रोजचा धंदा होता. चष्म्याच्या दुकानामागच्या अंधाऱ्या खोलीत तो बावीस वर्षं लोकांचे नंबर काढत होता. नाकावर जड चौकट, त्यात काच, समोर अक्षरांचा तक्ता. "पहिली काच बरी की दुसरी? आता? आणि आता?" शेवटच्या ओळीशी माणूस आला की अक्षर दिसण्याआधी ओठ उघडतात, हवेत थांबतात, आणि दिसलंच नाही तर लाजून मिटतात. काही जण ठोकून देतात. काही गप्प बसतात, आणि त्या गप्प बसणाऱ्यांचा नंबर तो सगळ्यात जपून काढायचा. बाहेर काउंटरवर फ्रेमा विकणारी बाई त्याला 'डॉक्टर' म्हणायची, तो डॉक्टर नव्हता म्हणूनच. "आमच्या डॉक्टरांना माणसाच्या डोळ्यात बघून त्याच्या घरातलं सांगता येतं," असं ती गिऱ्हाइकांना बिनदिक्कत सांगे. स्वतःच्या घरातलं मात्र या डॉक्टरांना नऊ दिवस दिसलं नव्हतं, आणि आता दिसलं तेही अर्धवट. सासऱ्यांना काय म्हणायचं होतं? पाणी हवं होतं का? पण पाणी मागायला माणूस मालिका थांबायची वाट बघत नाही.

निवड करायला त्यानं तीन आठवडे घेतले होते. असली कामं तो चवीनं करायचा. वहीत रकाने पाडले होते, आत बसवायचं कार्ड की बाहेरून लावायची डबी, आणि त्याखाली गुण-अवगुण. गिऱ्हाईक नसलं की फ्रेमवाली मान लांब करून वहीत डोकावायची.

"अहो डॉक्टर, लग्नाआधी एवढी चौकशी केली होतीत का?"

"लग्नाला तीन पर्याय नव्हते," तो म्हणाला.

"एक तरी होता म्हणायचं! तुमच्या बायकोचं नशीब."

कॉम्प्युटरच्या सुट्या भागांच्या दुकानातला माणूस ओठांत दोन स्क्रू धरूनच बोलायचा. "बाहेरची डबी म्हणजे पाहुणा, साहेब. हवा तेव्हा लावला, हवा तेव्हा काढला. आतलं कार्ड म्हणजे घरजावई. बसला की उठत नाही, पण कामाला बरा." सासरे घरी राहायला येऊन अकरा महिने झालेल्या माणसानं या विनोदाला हसावं की नाही हे त्याला ठरवता येईना, म्हणून त्यानं स्वस्त कार्ड आणि महाग कार्ड यांतला फरक विचारला. फरक असा की स्वस्त कार्ड आलेलं चित्र तसंच कॉम्प्युटरच्या गळ्यात टाकतं, आणि ते दाबून लहान करून साठवण्याचं ओझं कॉम्प्युटरच्या मेंदूवर पडतं. मग दुसरं काही काम काढलं की चित्र अडखळतं. महाग कार्डावर त्या कामासाठी स्वतःची वेगळी चिप असते, ते कुणाला त्रास न देता आपलं आपण उरकतं. कुणाला त्रास न देता. त्यानं महाग घेतलं.

मग सॉफ्टवेअर. कार्डाबरोबर खोक्यात आलेल्या तबकडीवरचं गचाळ होतं. त्याची खिडकी मिटली की रेकॉर्डिंगही बंद. दुसरं हौशी लोकांनी मिळून केलेलं, फुकट, सगळं करणारं, पण शिकाऊ नोकरासारखं प्रत्येक गोष्ट दहादा सांगावी लागणारं. तिसरं त्याच्या मनात भरलं. त्याला आठवड्याचा कार्यक्रम माहीत असे; झोपलेल्या कॉम्प्युटरला ते वेळेवर उठवी, काम झालं की पुन्हा झोपवी; आणि जाहिराती ओळखून काढून टाकी. कशा ओळखी, हे वाचताना तो हरखून गेला होता. वाहिनीचं चिन्ह पडद्याच्या कोपऱ्यात मालिकाभर असतं आणि जाहिराती लागल्या की नाहीसं होतं. शिवाय मालिका आणि जाहिरात यांच्या सांध्यावर क्षणभर पडदा काळा होतो, माणसाला जाणवतही नाही इतका. सॉफ्टवेअर त्या काळ्या क्षणांवर पाळत ठेवून बसतं. दोन काळ्या क्षणांच्या मधलं सगळं निरुपयोगी, कापा. केवढं बारीक निरीक्षण! आपल्याच जातकुळीतला कुणीतरी ते लिहिणारा असणार, असं वाटून त्याला अनोळखी माणसाबद्दल माया वाटली होती.

हे वाचत तो आतल्या खोलीत बसला होता तेव्हा भिंतीपलीकडून सासऱ्यांचा आवाज येत होता. तो आवाज आता, नऊ दिवसांनी, रात्रीच्या जेवणाची ताटं आवरताना त्याला परत ऐकू यायला लागला.

सासऱ्यांनी जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या. इमारतींच्या माथ्यावरच्या मोटारींच्या खोल्यांत चाळीस वर्षं काढल्यामुळे डावा कान पार गेला होता आणि उजवा जेमतेम होता. त्यांची अशी समजूत होती की जाहिराती लागल्या, टीव्ही एकदम मोठ्यानं ओरडायला लागला, की त्या गोंगाटात आपलं बोलणं फक्त शेजारी बसलेल्या मुलीलाच ऐकू जातं. प्रत्यक्षात त्या गोंगाटावर चढलेला त्यांचा आवाज आतल्या खोलीत, स्वयंपाकघरात आणि बहुधा खालच्या मजल्यावरही जात असे. तो वैतागून दार लोटून घ्यायचा. जाहिरातींच्या कर्कशपणात हाही कर्कशपणा त्यानं धरला होता. चोवीस मिनिटांच्या बचतीत हाही धरला होता, खोटं कशाला बोला.

बाप-लेकीत एरवी बोलणं नव्हतं. भांडण म्हणावं असं काही नव्हतं. चहा झालाय, गोळी घेतलीत का, दार लावा, हे चालायचं. पण तीन वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या तेव्हाची गोष्ट दोघांमध्ये उभी होती. सासूबाईंना सोमवारी दवाखान्यात नेलं, आणि मुलीला कळवलं ते शुक्रवारी सकाळी, सगळं आटोपल्यावर. एकुलती एक मुलगी, चार तासांच्या अंतरावर. बसमध्ये ती खिडकीशी बसून होती. तो शेजारी बसून तिच्या मांडीवरची पर्स घसरू नये म्हणून धरून होता. का कळवलं नाही, हे तिनं बापाला त्या दिवशी विचारलं नाही आणि नंतरही नाही. नवऱ्याकडेही विषय काढला नाही. पुढे म्हाताऱ्यांना एकट्यानं जमेना तेव्हा तीच जाऊन त्यांना घेऊन आली. खोली झाडली, औषधांच्या वेळा लिहून भिंतीला लावल्या, आणि विचारलं नाही.

आणि कार्ड बसेपर्यंत महिनाभर म्हातारा न विचारताच सांगत होता. तीन-तीन मिनिटांच्या तुकड्यांनी, साबण आणि गाद्यांच्या आड लपून. जावयाला भिंतीआडून ऐकलेले तुकडे आता एकेक आठवायला लागले. कपडे धुवायच्या पावडरीवर चढलेला आवाज : "सोमवारी तिला उठताच येईना. मला वाटलं, पित्त." दुसऱ्या कुठल्या दिवशी, मोटारसायकलवर चढलेला : "मंगळवारी कॉटवरून मला म्हणते, कुंड्यांना पाणी घातलंत का? मी म्हटलं घातलं. घातलं नव्हतं." तेवढ्यात मालिका सुरू, आणि आवाज बंद. पुढचा तुकडा कधी त्याच संध्याकाळी, कधी दोन दिवसांनी. बायको काय म्हणायची? काहीच नाही. तिचा आवाज एकदाही आला नव्हता. पण ती तिथून उठतही नव्हती, हे त्याला आज पहिल्यांदा सुचलं. एरवी पाच मिनिटं एका जागी न बसणारी बाई जाहिरातींत गॅस बघायलासुद्धा उठत नव्हती. तो समजत होता, मालिकेचं वेड.

शेवटचा तुकडा त्याला शब्दन् शब्द आठवला, कारण तेव्हा तो काळ्या क्षणांचं ते पान वाचत होता आणि एकच ओळ चारदा वाचावी लागल्यामुळे चिडला होता. "बुधवारी डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, घरच्यांना बोलवून घ्या." मग मालिका सुरू झाली होती. दुसऱ्या दिवशी रविवार होता, मालिकांना सुट्टी. सोमवारी त्यानं कार्ड बसवलं होतं.

हातातलं ताट त्यानं धुतलेल्या ताटांवर ठेवलं, ते खरकटंच होतं.

मिळकतीची बाजूही तपासायला हवी होती. बायको त्याच्याबरोबर फिरायला येत होती, करारात ठरल्याप्रमाणे, रोज साडेसातला. लग्नानंतर पहिली काही वर्षं ती दोघं अशीच जायची. ती रस्त्यावरच्या प्रत्येक पाटीवरचं नाव मोठ्यानं वाचायची, दाराशी उभ्या माणसांच्या नकला करायची, आणि त्याला हसू आवरायचं नाही. ते परत मिळेल असा त्याचा अंदाज होता. आता ती भराभर चालायची. ओळीनं घरांच्या खिडक्या, प्रत्येक खिडकीत निळसर उजेड एकाच वेळी लुकलुकणारा, कारण सगळे तीच मालिका बघत होते. आणि मध्येच सगळ्या खिडक्यांतून आवाज एकदम वाढायचा. जाहिराती. तेव्हा तिची पावलं मंद व्हायची. तो म्हणायचा, "दमलीस का?" ती म्हणायची, "छे." आवाज खाली आला की पुन्हा भराभर. आठ-नऊ दिवस तो हे बघत होता आणि तिच्या गुडघ्यांची काळजी करत होता.

दहाव्या दिवशी त्यानं सॉफ्टवेअरमध्ये जाऊन 'जाहिराती वगळा' पुढची खूण काढून टाकली. काम झालं असं वाटून त्याला हलकंही वाटलं. पावणेदहाला मालिका लागली, पहिल्या वळणावर पडदा काळा झाला, आणि दणदणीत आवाजात एक गादी उलगडली. सासरे दचकले. पुढे सरकले. पण कार्डाबरोबर एक छोटा रिमोट आला होता, त्यावर अर्ध्या मिनिटाची उडी मारायचं बटण होतं, आणि रिमोट बायकोच्या हातात होता. टक, टक, टक, टक, टक, टक. मालिका सुरू.

"राहू दे की जाहिराती," तो म्हणाला.

"कशाला? तुम्हीच तर म्हणाला होतात, वेळ वाचतो."

"तसं नाही, पण..."

"श्शू, ऐकू द्या."

हिला ऐकायचंच नाही का, असा एक कडवट विचार त्याच्या मनात आला. मग त्यानं तिच्या अंगठ्याकडे बघितलं. बटणावर तो नको इतका जोर देत होता. बुधवारच्या पुढे गुरुवार असतो. गुरुवारी काय निघेल कुणी सांगावं. समोर काच धरली की काही लोक डोळेच मिटून घेतात, आंधळं व्हायच्या भीतीनं नव्हे, स्वच्छ दिसेल या भीतीनं. त्यांना घाई करून चालत नाही. आणि जाहिरात आपोआप आली, आपल्या हातात काही नसलं, तर बसून राहता येतं. बटण हातात आलं की निवड करावी लागते. त्यानं मोठ्या हौसेनं तिच्या हातात निवड दिली होती.

शनिवारी सकाळी चहा पिताना सासरे म्हणाले, "जावईबापू, मी म्हणतो, पुतण्याकडे जाऊन राहावं थोडे दिवस."

"का हो बाबा? इथे काही कमी पडतंय का?"

"छे, छे. कमी कसलं? तुमच्या मशिनीनं तर सगळं झटपट होतं. मालिका झटपट, झोप झटपट." ते हसले. "पुतण्याकडे मशीन नाही. तिकडे वेळ जाईल जरा."

बायको ओट्याशी पाठमोरी उभी होती. "तिकिटं काढायची का मग?" ती म्हणाली. तिचा आवाज सपाट होता, आणि गॅसवर काहीही नसताना ती गॅसची ज्योत लहान-मोठी करत होती.

रविवारी सासऱ्यांचं बसचं तिकीट काढून झालं. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत तो घरी आला. सासरे झोपले होते, बायको बाजारात गेली होती. त्यानं कॉम्प्युटरचं झाकण उघडलं, एक स्क्रू फिरवला, आणि चिमटीत धरून कार्ड ओढून काढलं. इतक्या विचारानं घेतलेली वस्तू इतक्या सहज निघते याचं त्याला वाईट वाटलं. कार्ड दुकानात नेऊन त्यानं जुन्या काचांच्या खोक्यात टाकलं. फ्रेमवालीनं बघितलंच.

"तीन आठवडे पारखलंत आणि दोन आठवड्यांत झोपलं?"

"झोपलं."

"आणि आम्ही तुमच्याकडून डोळे तपासून घेतो!" त्या दिवशी आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तिनं ही गोष्ट सांगितली, एकाला तर दोनदा.

"बिघडलं," असं त्यानं घरी सांगितलं. "परत देऊन बघतो, पण वेळ लागेल." बायकोनं त्याच्याकडे बघितलं, मग बंद कॉम्प्युटरकडे बघितलं, आणि म्हणाली, "बरं." चपला घालायला म्हणून ती दाराशी गेली होती, ती परत फिरली. साडेसात वाजले होते. केबलची जी तार कार्डाकडे वळवली होती ती त्यानं परत सरळ टीव्हीला जोडून दिली आणि आतल्या खोलीत जाऊन बसला. दार लोटलं नाही.

पहिल्या जाहिराती लागल्या. पंखा, बिस्किट, पुन्हा पंखा. भिंतीपलीकडे काहीच नाही. मालिका सुरू झाली. कुणीतरी कुणालातरी घराबाहेर काढलं. दुसऱ्या जाहिराती लागल्या, आवाज चढला, आणि खाकरल्यासारखं काहीतरी झालं.

"सोमवारी," सासऱ्यांचा आवाज आला, "तिला उठताच येईना, तर मला वाटलं..."

पुन्हा पहिल्यापासून! त्यानं डोळे मिटून घेतले. म्हातारा विसरला होता, की धीर गोळा करायला त्याला सोमवारपासूनच यावं लागत होतं? आता सोमवार, मग मंगळवार, आणि परवा पुतण्याकडची बस. तेवढ्यात, गेल्या महिन्याभरात पहिल्यांदाच, जाहिरातीच्या आवाजात बायकोचा आवाज आला, उजव्या कानाला ऐकू जाईल इतका मोठा :

"ते झालंय बाबा. बुधवारपर्यंत आलो होतो आपण."

टूथपेस्टचं गाणं लागलं, त्यावर चढून सासरे म्हणाले :

"बुधवारी डॉक्टर म्हणाले..."

"तेही झालं. गुरुवारी?"

"गुरुवारी मी फोनपाशी गेलो. दोनदा गेलो." आवाज फाटला, पण खाली आला नाही, खाली आणता येतो हे त्यांना ठाऊकच नव्हतं. "तुझी आई रोज विचारायची, पोरीला कळवलंत का? मी म्हणायचो, कशाला, दोन दिवसांत घरी जायचंय. मग ती हसायची. म्हणायची, म्हणजे फार काही नाही मला. तू दारात दिसली असतीस की तिला कळलं असतं. तिला कळू द्यायचं नव्हतं ग मला. गुरुवारी रात्री काय छान झोपली ती."

"मला कळवायचं तरी," बायको म्हणाली. ती रडत नव्हती. शेजारच्या खोलीतल्या माणसाला ते स्पष्ट कळत होतं. "मी आत आलेच नसते, बाबा. बाहेर बाकावर बसून राहिले असते चार दिवस."

"हे सुचलंच नाही मला," म्हातारा म्हणाला.

"हं," ती म्हणाली, आणि मालिका सुरू झाली, आणि दोघंही ती बघायला लागली. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "तो मगाशी घराबाहेर काढला तो कोण?" त्यांनी सांगितलं, चुकीचं सांगितलं, आणि तिनं ते दुरुस्त केलं नाही.

आत बसलेल्या माणसानं सवयीप्रमाणे कुणाला काय मिळालं ते बघितलं. त्याचा दीड तास गेला होता, जाणकार म्हणून असलेलं नाव गेलं होतं, आणि ते फार महाग पडलं असं वाटत नव्हतं. सासूबाईंना चार दिवस न घाबरता मिळाले होते आणि एक रात्र छान झोप. सासऱ्यांना ती झोपलेली बघायला मिळाली होती. या सगळ्याचं मोल एकाच माणसानं चुकतं केलं होतं, चार तासांच्या अंतरावर बसून, रोजची कामं करत, काहीही माहीत नसताना. आणि ते मोल तिनं नेमकं कशासाठी दिलं, हे तिला आज कळलं होतं.